शेपूट घासलेलं विमान

आमच्या घरात मी थोरली, आणि माझा शब्द मोडायची कोणाची टाप नाही. तरी धाकट्या भावाला त्याच्या लेकीकडे न्यायला मला दोन वर्षं लागली. पोरीनं बंगळुरूत स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं आणि भाऊनं तिच्याशी बोलणंच टाकलं. यंदा तिला मुलगी झाली. मी मारेगावहून थेट त्याच्या शेतावर गेले आणि कपाशीतच त्याला गाठलं. "तिकिटं काढली. तयारीले लाग."

"नातीले पाहून येतो," तो म्हणाला, "पण पोरीसंग बोलणार नाही."

बरं, म्हटलं. एकदा तिच्या दारात उभा राहू दे, पुढचं मी पाहते.

नागपूरहून विमान होतं. आमच्या जागा अगदी मागे. भाऊ पहिल्यांदाच विमानात बसला होता, पण ऐट अशी की रोजचंच जाणं-येणं आहे. विमान धावलं, नाक वर झालं आणि आमच्या पायाखाली दाणकन दणका बसला. पाठोपाठ काहीतरी खरडत गेल्याचा आवाज आला. आमच्या रस्त्यांवर जन्म काढलेल्या माणसाला दणक्याचं काय कौतुक! "ब्रेकर असन," भाऊ म्हणाला, आणि मीही मान डोलावली. समोर बसलेल्या हवाई सुंदरीचा चेहरा मात्र उतरला होता.

थोड्या वेळानं वैमानिक बाईंचा आवाज आला. उड्डाण घेताना विमानाचं शेपूट धावपट्टीला घासलंय, विमान पूर्ण ताब्यात आहे, पण तपासणीसाठी आपण नागपूरलाच परत उतरतोय. झालं, सगळीकडे गलका उठला. पलीकडची एक बाई रडायला लागली. भाऊ तिच्याकडे वाकून म्हणाला, "घाबरू नका ताई. मांगं भार जास्त झाला का बैलगाडी मांगं कलते, तसं झालं असन. उलटली तं नाही ना."

विमानातलं त्याला काय कळतं, ते मला माहीत आहे. पण बाई रडायची थांबली.

मला भीती वाटत नव्हती. वैमानिक बाईंचा आवाज ठाम होता, त्या नीट उतरवतील याची मला खात्री होती. मला राग येत होता. दोन वर्षं खपून भाऊला इथवर आणला आणि आता एका शेपटापायी सगळ्यावर पाणी पडणार होतं.

विमानानं बराच वेळ घिरट्या घातल्या आणि मग ते अलगद उतरलं. अग्निशमनाच्या गाड्या बाजूनं धावत आल्या, पण त्यांना काही काम पडलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

विमानतळाच्या इमारतीत आल्यावर कंपनीच्या माणसानं सांगितलं की संध्याकाळी दुसरं विमान आहे, ज्यांना जायचं नाही त्यांना पैसे परत मिळतील. भाऊनं बॅग उचलली.

"बाई, चाल घरी. देवाच्याच मनात नाही."

आज हा घरी गेला तर पुन्हा कधीच येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. एरवी मी त्याला एक शब्द बोलू दिला नसता, पण त्यानं देवाला मध्ये घातला. मनातून मी हरले होते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. भाचीचा होता, विमान परत आल्याचं मी तिला कळवलं होतं. मी फोन भाऊच्या हातात दिला.

"तूच सांग तिले."

त्यानं तो कानाला लावला, आणि मीच आहे असं समजून ती बोलायला लागली. तिचा आवाज मला बाजूलाही ऐकू येत होता. "आत्या, बाबाले घरी घेऊन जा. त्यायले आता विमानात बसवू नको. ते सुखरूप हायेत, मले तेवढं पुरे."

भाऊनं बॅग खाली ठेवली.

"बेटा, आत्या नाही. मी बोलून राह्यलो. यायले रात्र होईन. पोरीले जागी ठेवजो."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. मी काउंटरवर जाऊन संध्याकाळच्या दोन जागा पक्क्या केल्या. परत आले तेव्हा नातीचं नाक कोणावर गेलंय, याची तो चौकशी करत होता. दुसऱ्या विमानात चढेपर्यंत त्यानं मला फोन परत दिला नाही.