विमानातल्या खुर्च्या शिवणारे काका

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका बसण्याचा विचार केलेला माणूस अख्ख्या देशात दुसरा नसेल. स्वतः मात्र ते क्वचितच बसत. कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्चीपुढे उभे राहून तिला नीट न्याहाळत, मग बैठकीत अंगठा रुतवून बघत, मग मागे जाऊन तिची पाठ कोपराने दाबत, आणि एवढं सगळं झाल्यावर बहुतेक वेळा "राहू दे, मी उभाच बरा" म्हणत. अंबरनाथ पश्चिमेतल्या आमच्या दुमजली इमारतीत याचा कुणाला राग येत नसे. काका सांताक्रूझला एका विमान कंपनीच्या वर्कशॉपमध्ये होते. विमानातल्या खुर्च्यांच्या गाद्या भरायच्या, कव्हरं शिवायची, अडकलेल्या पाठी मोकळ्या करायच्या, हे त्यांचं खातं. पण आपण खुर्च्या दुरुस्त करतो असं ते कधी म्हणत नसत. "माणूस नऊ तास एका जागी ठेवायचा असतो आणि ते त्याला कळू द्यायचं नसतं," असं म्हणत, आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलेल्या सर्जनसारखा व्हायचा.

जिथे म्हणून चार माणसं बसतात तिथे काकांना काम दिसायचं. लग्नात ते मांडवातल्या खुर्च्या हलवून बघत आणि डुगडुगणाऱ्या वेगळ्या काढून आचाऱ्याच्या बाजूला नेऊन ठेवत. केस कापायला गेले की न्हाव्याला त्याच्याच खुर्चीत बसवून मान कुठे अवघडते ते दाखवून देत. माझ्या ताईचं लग्न ठरायच्या वेळी आम्ही मुलाचं घर बघायला कुळगावला गेलो, तेव्हा वडीलधारे म्हणून काकाही बरोबर होते. बाबा मुलाच्या नोकरीबद्दल विचारत होते, आई स्वयंपाकघरात डोकावत होती, आणि काका सोफ्याखाली हात घालून काहीतरी चाचपत होते. थोड्या वेळाने त्यांनी मुलाच्या आईला विचारलं, "वहिनी, तुमची डावीकडची कंबर दुखते का हो?" त्या बाई चकित झाल्या. दोन वर्षं दुखत होती. "तुम्ही रोज या कोपऱ्यात बसता. स्प्रिंग गेलीय," असं म्हणून काकांनी सुतळी मागितली, होणाऱ्या जावयाच्या मदतीने सोफा उलटा केला आणि स्प्रिंग बांधून दिली. तोवर पोहे गार झाले. लग्न मात्र जमलं. ताईच्या सासूबाई पुढे कित्येक वर्षं मला आमच्या घरच्यांच्या आधी काकांची खुशाली विचारत.

नव्वद साल उलटून थोडे दिवस झाले असतील, तेव्हा काकांच्या कंपनीत लांब पल्ल्याचं नवं विमान येणार असं ठरलं. चार महिने काकांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. विमान किती उंच उडतं, किती वेगाने जातं, यात त्यांना काडीचा रस नव्हता. खुर्ची कशी आहे, एवढंच. जिन्यात भेटतील त्याला ते सांगत, की पाठ आता जास्त मागे जाणार आहे, पायाला टेकण असणार आहे, आणि डोकं एका बाजूला कलंडू नये अशी उशी असणार आहे. एकदा त्यांनी अंगणात आमच्या सहा लोखंडी खुर्च्या तीन-तीनच्या दोन रांगांत मांडल्या, इमारतीतल्या सहा जणांना बसवलं आणि प्रत्येकाच्या गुडघ्यापुढे बोटं आडवी धरून अंतर मोजलं. पोस्टातल्या मामांचे पाय फार लांब. त्यांच्यापाशी काका बराच वेळ थांबले आणि शेवटी खिन्न होऊन म्हणाले, "तुम्ही आपले वाटेकडेच्या खुर्चीत बसत जा." मामा उभ्या जन्मात पुण्यापलीकडे गेले नव्हते, पण त्यांनी मान डोलावली.

गंमत अशी, की काका स्वतः कधी विमानात बसलेच नव्हते. म्हणजे उभ्या असलेल्या विमानात हजारदा बसले होते, उडणाऱ्या विमानात एकदाही नाही. कंपनीचे पास मिळत. पण काकूंना उंचीची इतकी भीती, की त्या गच्चीवर पापड घालायलाही जात नसत, आणि काकूंना सोडून काका बाहेरगावी जात नसत.

त्याच सुमारास बाबांचा आजार वाढला. त्यांचं हृदय थकलं होतं. आडवं झालं की छातीत पाणी भरल्यासारखं व्हायचं, दम लागायचा आणि ते घाबरून उठून बसायचे. डॉक्टरांनी पाठ उंच ठेवून झोपवा असं सांगितलं होतं. आम्ही उशांवर उशा रचायचो, पण बाबा खाली घसरायचे. मग आई त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायची. असे दोन महिने गेले. बाबांपेक्षा आईच जास्त आजारी दिसायला लागली होती.

एका संध्याकाळी काका बाबांना भेटायला आले. खाटेकडे, उशांच्या ढिगाकडे आणि मग आईकडे बघून वर गेले आणि शिंप्याची टेप घेऊन आले. "दादा, जरा बसा," म्हणत त्यांनी बाबांची कंबर ते मान, मांडी, गुडघा ते टाच, सगळं मोजून वहीत लिहून घेतलं. बाबा हसून म्हणाले, "भाऊ, सूट शिवताय का मला?"

"सूटच समजा," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते मला उल्हासनगरला फोम घ्यायला घेऊन गेले. तिथल्या सिंधी दुकानदाराने आठ-दहा तुकडे पुढे टाकले. काकांनी प्रत्येकावर कोपर रोवला, आणि त्यातला एक निवडून दुकानाच्या मधोमध एका स्टुलावर ठेवून त्यावर डोळे मिटून बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून जात होती. शेवटी दुकानदार म्हणाला, "साईं, लेना है तो लो, सोना है तो घर जाओ ना."

"थांबा," काका डोळे न उघडता म्हणाले. "पहिली दहा मिनिटं सगळेच फोम चांगले असतात."

 दुकानदाराने आतून एक वेगळा तुकडा आणला, तो काकांच्या हातात दिला आणि मराठीत म्हणाला, "हा घ्या. हा मी बाहेर ठेवत नाय."

काकांनी आठवडाभर रजा काढली. सांगाडा स्टेशनजवळच्या वेल्डरकडून करून घेतला. पाठ मागेपुढे करायला खाचा, पायाला टेकण, मानेपाशी दोन्ही बाजूंनी उशी. कव्हर त्यांनी घरच्या शिलाई मशीनवर शिवलं. मशीनचा आवाज आम्हाला खाली ऐकू यायचा. शनिवारी दुपारी चौघांनी मिळून खुर्ची जिन्यावरून खाली आणली. काकांनी बाबांना बसवलं, एकेक खाच मागे घेत गेले, आणि प्रत्येक खाचेला "इथे कसं वाटतं?" असं विचारत राहिले. चौथ्या खाचेला बाबांनी उत्तर दिलं नाही. आई घाबरून पुढे झाली. काकांनी तिला हाताने थांबवलं. बाबा झोपले होते. सलग तीन तास झोपले. आईही तिथेच जमिनीवर आडवी झाली आणि झोपली. काका दाराशी उभे राहून बराच वेळ दोघांकडे बघत होते, आणि मग चपला हातात घेऊन जिना चढून गेले.

त्या खुर्चीने बाबांना आणखी दोन वर्षं दिली असं मी म्हणतो. डॉक्टर औषधांचं नाव घेतील. बाबांनी आभार मानायचा प्रयत्न केला की काका खाली वाकून खुर्चीचा एखादा बोल्ट पिळत बसायचे आणि आपल्याला ऐकू आलं नाही असं दाखवायचे.

बाबा गेल्यावर, काका निवृत्त होऊन खरवईच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर एकदा काकूंनी सहज सांगितलं. नवं विमान आलं तेव्हा वर्कशॉपच्या काही जणांना त्यातून तासाभराची फेरी मारून आणायचं ठरलं होतं. चिठ्ठ्या टाकल्या आणि काकांचं नाव निघालं. एवढ्याशा फेरीला काकूंनीही हो म्हटलं होतं. ती फेरी त्याच शनिवारी होती. "मी म्हटलं, खुर्ची सोमवारी द्या," काकू म्हणाल्या. "तर म्हणे, वहिनी दोन महिने झोपल्या नाहीत, आणखी दोन दिवस कशाला." पुढे पुन्हा कुणी त्यांना बोलावलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली माझ्या कंपनीने मला लंडनला पाठवलं. तिकीट काकांच्याच कंपनीचं, विमानही त्याच जातीचं. निघण्याआधी मी खरवईला गेलो. काकांनी मला दोन पानं भरून प्रश्न लिहून दिले. पाठ किती मागे जाते, शिवण टोचते का, तीन तासांनी कंबर काय म्हणते, सहा तासांनी काय म्हणते. मी घड्याळ लावून सगळ्याची उत्तरं लिहिली. आजूबाजूची माणसं पांघरूण ओढून घोरत होती आणि मी मात्र डोळा लागू दिला नाही. कशाचं उत्तर राहून जाऊ नये असं वाटत होतं. शिवाय बाबांची फार आठवण येत होती.

परत आल्यावर काकांसमोर बसून मी एकेक उत्तर वाचून दाखवलं. ते थकले होते, ऐकायलाही कमी येत होतं, म्हणून मोठ्याने वाचावं लागत होतं. सगळं संपल्यावर त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला.

"आणि झोप लागली का तुला?"

"लागली ना," मी म्हटलं. "शेवटचं उत्तर लिहून डोळे मिटले ते थेट लंडनलाच उघडले."

काकांनी ती दोन पानं माझ्याकडून मागून घेतली, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि काकूंना म्हणाले, "ऐकलंस? झोपला होता तो."