टोपी टाकून धरलेली जागा

विमानतळावरून हॉटेलात कशानं जायचं, हा काही आयुष्यभर मनात ठेवावा असा प्रश्न नव्हे. लोक फोन काढतात, गाडी मागवतात आणि विसरून जातात. मी मात्र तो मनात ठेवला आहे, आणि अजून त्यावरून स्वतःशीच भांडते.

मी शहापूरला राहते. हायवेला लागून जी गोदामं झाली आहेत, त्यातल्या एकाच्या ऑफिसात मालाच्या आवक-जावकीचं काम बघते. माहेर मुरबाडच्या पुढं, म्हशाच्या अलीकडच्या एका गावात. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. ते रिटायर झाल्यानंतरची गोष्ट. कंपनीनं मला कसलंसं नवीन सॉफ्टवेअर शिकायला तीन दिवस बंगळूरला बोलावलं. माझं तिकीट आणि हॉटेल कंपनीचं होतं. माझ्या डोक्यात आलं, पदरचं तिकीट काढून बाबांनाही न्यावं. जन्मभर त्यांनी लोकांना इकडून तिकडं नेलं, त्यांना कुणी कुठं नेलं नव्हतं. आईलाही विचारलं. ती म्हणाली, भाताची झोडणी व्हायची आहे, आणि पायाखाली जमीन नसली तर माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. बाबा उठले, ट्रंकेतून पांढरा सदरा नि टोपी काढली आणि इस्त्रीला टाकून आले.

टोपीचं आधी सांगायला हवं. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणला जायचं तर एसटी, नाहीतर जीप. त्यामुळं स्टँडवर गाडी लागली की दाराशी झुंबड उडते, आणि शहाणा माणूस दाराकडं न जाता खिडकीकडं जातो. खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा, टोपी टाकायची, काहीच नसलं तर भाजीची पिशवी टाकायची. जागा धरली गेली, मग सावकाश चढायचं. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, पण तो मोडणाऱ्याची गाडीभर शोभा होते. म्हशाच्या जत्रेला जादा गाड्या सुटायच्या, तेव्हा बाबांची गाडी टोप्यांचं वाळवण घातल्यासारखी दिसायची. एका जत्रेत कडक इस्त्रीतला एक पुढारी म्हातारीनं टाकलेलं फडकं उचलून तिच्या जागेवर बसला. बाबा इंजिन बंद करून मागं आले आणि म्हणाले, "उठा. रुमाल टाकला म्हंजे मानूस बसला." पुढारी मुरबाडपर्यंत उभा आला. ही गोष्ट मी दहा वेळा तरी ऐकली असेल, आणि दर वेळी त्या पुढाऱ्याचं पोट थोडं वाढलेलं असे.

या नियमाला दुसरी बाजूही होती, आणि बाबांना ती जास्त मोलाची वाटे. जागा धरली तर यायचं. टोपी टाकून चहाला गेला आणि गाडी सुटेपर्यंत आलाच नाही, असा माणूस त्यांच्या लेखी हलका. स्वतः बसला नाही आणि दुसऱ्यालाही बसू दिलं नाही. अशी बेवारस टोपी ते स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत ठेवून यायचे, आणि तिचा मालक कधी समोर आलाच तर त्याला दोन शब्द ऐकवायचे.

नोकरीच्या शेवटच्या दीड वर्षात त्यांना स्टिअरिंगवरून उतरवून डेपोत हलकं काम दिलं होतं. वय झालं म्हणून, असं त्यांनी घरी सांगितलं. आम्ही ते खरं धरलं. कुणी खोदून विचारलं नाही.

विमानात मी त्यांच्यासाठी मुद्दाम खिडकीची सीट घेतली होती. ढग खाली गेले तेव्हा मी त्यांना कोपरानं ढोसलं, बघा की. ते "बघतोय, बघतोय" म्हणाले आणि समोरच्या सीटच्या पाठीकडंच बघत राहिले. थोड्या वेळानं मला विचारलं, इथं पुढं बसायला मिळत नाही का? मी हसून म्हटलं, पुढं पायलट बसतो बाबा. तेही हसले. मला वाटलं, घाबरलेत आणि दाखवत नाहीत. एवढ्या हौसेनं घेतलेली खिडकी फुकट गेली म्हणून मला थोडा रागही आला होता.

बाहेर आलो तेव्हा दुपार कलली होती. समोरच बसचा थांबा होता. मोठमोठ्या, थंड हवेच्या, पुढं छपरापर्यंत काच असलेल्या बसगाड्या ओळीनं उभ्या होत्या. त्यातली एक आमच्या हॉटेलच्या बाजूला जाणारी होती, उतरून पाच मिनिटं चाललं की झालं. बाबांनी ती बघितली आणि विमानात एकदाही न दिसलेलं हसू त्यांच्या तोंडावर आलं.

"बसनं जाव गो," ते म्हणाले. "पुढच्या काचंतून गाव बघू."

हे त्यांचं जुनं तत्त्वज्ञान होतं. बाजूच्या खिडकीतून मागं गेलेलं गाव दिसतं, येणारं गाव बघायचं असेल तर पुढं बसावं. मी म्हटलं, आज नाही. आज तुम्ही गाडीत मागं बसायचं, साहेबासारखं, आणि दुसरा कुणीतरी चालवेल. मला वाटलं होतं, ते खूश होतील. ते नुसतं "बरं" म्हणाले, आणि जरा गाडी बघून येतो म्हणत बसकडं गेले.

खरं सांगायचं तर त्या साहेबपणात निम्मी माझीच हौस होती. शाळा-कॉलेजपासून मी एसटीत आणि जिपेत लोंबकळत आले. हॉटेलच्या दाराशी ऑफिसातली माणसं असणार होती. त्यांच्यासमोर मला बॅगा ओढत रस्त्यानं चालत यायचं नव्हतं, गाडीतून उतरायचं होतं. नाव बाबांचं केलं, एवढंच.

गाडी मागवली आणि माझी धांदल उडाली. ड्रायव्हर फोनवर कुठल्या तरी खांबाचा नंबर सांगत होता, मला तो खांब सापडत नव्हता, आणि जास्त वेळ थांबता येणार नाही असं तो दर मिनिटाला बजावत होता. मी बाबांना हाका मारल्या. ते बसमधून उतरून लगबगीनं आले. बोलू लागले, की गाडी सुटायला दहा मिनिटं आहेत, ड्रायव्हर चांगला माणूस आहे, पुढची सीट... मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हटलं, कॅब आली बाबा, तो थांबणार नाही, चला लवकर. त्यांनी वळून बसकडं बघितलं. "आगो, पन मी तिथं..." म्हणाले. मी त्यांचा दंड धरला आणि ओढतच नेलं. माझं सगळं लक्ष गाड्यांच्या नंबरप्लेटवर होतं.

गाडीत ते ड्रायव्हरच्या मागं बसले, पिशवी मांडीवर घेऊन. त्यांच्या नाकासमोर ड्रायव्हरच्या सीटची पाठ होती. मी गाइडसारखी बडबडत होते, इकडं बघा केवढी काचेची इमारत, तिकडं बघा मेट्रो. ते "हां हां" म्हणत मान वळवायचे, पण इतक्या उशिरा, की दाखवलेलं मागं निघून गेलेलं असायचं. मी मनात म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी फोन बघू लागले.

हॉटेलच्या लिफ्टला तिन्ही बाजूंनी आरसे होते. त्यात मला तीन बाबा दिसले आणि तिघांचीही डोकी उघडी होती. घराबाहेर उघड्या डोक्याचे बाबा मी तोवर कधी बघितले नव्हते. विमानतळापासून इथपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसून आले होते, आणि मला ते आत्ता दिसत होतं.

"बाबा, टोपी कुठाय?"

"बसमधी," ते म्हणाले. "रुमालबी. दोन जागा धरल्या होत्या. येक तुजी."

मग खोलीत पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. बसच्या ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं आणि यांना कन्नड. यांनी दोन हात पुढं धरून स्टिअरिंग फिरवून दाखवलं आणि आपल्या छातीवर बोट ठेवलं. तो समजला. उठून उभा राहिला, हात मिळवला, आणि दारामागच्या अगदी पहिल्या सीटवर थाप मारून म्हणाला, इथं बसा. त्या सीटच्या पुढं नुसती काच होती. यांनी तिथं टोपी ठेवली, शेजारी माझ्यासाठी रुमाल ठेवला, आणि मला बोलवायला उतरले. तेवढ्यात माझ्या हाका सुरू झाल्या.

मी हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. म्हटलं, टोपीचं काय एवढं, मुरबाडच्या बाजारात दुसरी घेऊ. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "टोपीचा काय नाय. त्याला काय वाटला आसंल? जागा धरली आनि मानूस आला नाय."

मी त्यांना वचन दिलं, परत जाताना नक्की बसनं जाऊ. पण तिसऱ्या दिवशी कंपनीनं आम्हा चौघा-पाच जणांसाठी एक मोठी गाडी केली, आणि साहेबांनी स्वतः, वडिलांनाही घेऊन या, म्हटलं. मला नाही म्हणता आलं नाही. बाबांना मधल्या सीटवर दोघांच्या मध्ये जागा मिळाली. मी वचन विसरले नव्हते. मला ते आठवत होतं, आणि तरी मी काही बोलले नाही. ते जास्त वाईट.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबा अंगणातल्या बादलीला अडखळून पडले. बादली रोज तिथंच असायची. मी त्यांना कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. तिथं एका यंत्रात डोकं टेकवून बसवतात, आणि कुठं ठिपका चमकला की बटण दाबायला सांगतात. बाबा यंत्रापुढं शहाण्या विद्यार्थ्यासारखे बसले होते आणि त्यांच्या हातातलं बटण जवळजवळ वाजतच नव्हतं. डॉक्टरांनी कागद माझ्यापुढं ठेवला. सगळा काळा, आणि मध्ये रुपयाएवढी पांढरी जागा. काचबिंदू, ते म्हणाले. कडेची नजर गेलेली आहे, नाकासमोरचं तेवढं दिसतं. हे आजचं नाही, पाच-सात वर्षांचं आहे. गेलेलं परत येत नाही, असेल ते टिकवायचं.

मी त्या कागदाकडं बघत बसले, आणि डेपोतलं हलकं काम, विमानातली खिडकी, उशिरा वळणारी मान, सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं. पुढची काच ही त्यांची हौस नव्हती. जगात तेवढ्याच एका जागेवरून त्यांना ते शहर दिसणार होतं. ती जागा त्यांनी स्वतः शोधली, स्वतः धरली, आणि मी त्यांचा दंड धरून त्यांना तिथून काढलं. परतीच्या एसटीत मी विचारलं, का नाही सांगितलं? ते म्हणाले, सांगितलं असतं तर तुम्ही मला ओटीवर बसवून ठेवलं असतं. आम्ही तेच केलं असतं.

थेंब वर्षभर नेमानं घातले. पण ती रुपयाएवढी जागाही आटत गेली. आता त्यांना उजेड आणि अंधार कळतो, दारात कुणी उभं राहिलं तर कळतं. बाकी त्यांचं बरं चाललं आहे. आईशी भांडतात, रेडिओ ऐकतात, आणि रस्त्यावरून एसटी गेली की तिचा गिअर कसा पडला यावरून ड्रायव्हर नवा की जुना ते सांगतात.

यंदा कंपनीनं मला पुन्हा बंगळूरला पाठवलं. एकटीच होते. विमानतळाबाहेर आले आणि सरळ त्या बसकडं गेले. बैल गेला आणि झोपा केला, तसलाच हा प्रकार, हे मला कळत होतं. तरी गेले. दारामागची पहिली सीट रिकामी होती. ड्रायव्हर कुणी दुसराच असावा. तोच असता तरी मला कुठं ओळखता आला असता? बस सुटली तशी मी घरी फोन लावला आणि बाबांना म्हटलं, मी त्या बसमध्ये आहे, पुढच्या सीटवर. पलीकडं आईनं रेडिओ बंद केल्याचं ऐकू आलं.

"सांग काय दिसतंय," ते म्हणाले.

मी सांगू लागले. रस्ता रुंद आहे, मधोमध फुलझाडं लावली आहेत, आता पूल आला, आता उंच इमारती.

"त्या तं कल्यानलाबी हायत," ते म्हणाले.

मग ते विचारू लागले. पुलावर चढताना ड्रायव्हर गाडी कशी घेतो? पुढच्या गाडीपासून अंतर किती ठेवतो? कडेनं घुसणाऱ्याला वाट देतो की हॉर्न मारतो? वळणाच्या आधी त्याची नजर कुठं असते? मी वाकून त्या ड्रायव्हरकडं बघितलं, त्याच्या हातांकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. एवढी मोठी काच माझ्यापुढं होती आणि मला त्यातलं काही सांगता येईना. शेवटी म्हटलं, चांगली चालवतो बाबा.

 

"ऱ्हाऊ दे गो," ते म्हणाले. "मी आसतो तं तुला सांगितला आसता."