ब्रेककाकांचा काळा पडदा

मोटार शिकवणाऱ्याच्या पायाखाली जादा ब्रेक असतो, म्हणून सगळ्या गल्लीत ते ब्रेककाका. बायको गेल्यावर घरात बोलायला भिंती उरल्या. गाडीत शिकाऊ मंडळी असत, पण घाबरलेली. त्यांचं कसलं बोलणं, किंचाळणंच ते! मुलगा दूर नोकरीला. जाताना त्याने गाडीत अँड्रॉइडचा मोठा पडदा बसवून दिला होता: गाणी, नकाशा, मागचा कॅमेरा. हल्ली रिव्हर्स घेताना चित्र गोठायचं. काकांना खरं तर बरंच वाटलं. फोन करायला निमित्त मिळालं!

रविवारी मुलाने अपडेटची फाइल पाठवली. काकांनी ती पेनड्राइव्हवर घेतली, गाडीत लावली आणि मुलाला फोन केला.

"इंजिन चालू ठेवा बाबा. पडद्यावरची पट्टी पूर्ण भरेपर्यंत चावीला हात लावायचा नाही."

"बरं. जेवलास का?"

"पट्टी बघा."

"मुंगीच्या चालीने सरकतेय. सूनबाई काय म्हणते?"

"मजेत आहे. ठेवू मी? आता आपोआप होईल."

"थांब की! मधेच घोडं अडलं तर?"

तिकडे कीबोर्ड बडवल्याचा आवाज येत होता. पट्टी निम्मी झाली, पाऊण झाली. भरली की फोन संपणार. आणि पडदा सुधारल्यावर पुढचा फोन करायचा कशासाठी? जन्मभर दुसऱ्यांच्या चुका आधीच ओळखणाऱ्या या माणसाने जाणूनबुजून चावी फिरवली.

पडदा काळाठिक्कर.

"अरे, बंदच पडला रे! आता तुलाच यावं लागणार."

कीबोर्ड थांबला. "चावी फिरवलीत?"

"हात लागला."

"तुमचा? हात लागला?" मुलाने पुन्हा कीबोर्ड ओढला. मग म्हणाला, "फिटरला दाखवा बाबा. तासाभरात करून देईल. मला रजा नाही."

काका फिटरकडे गेले नाहीत. हट्ट म्हणजे किती! पेनड्राइव्हही तसाच लावलेला.

दुसऱ्या दिवशी शिकायला आलेल्या बाई रिव्हर्स टाकून पडद्याकडे बघत बसल्या. "काका, यात काहीच दिसत नाही."

"मान वळवा ताई. देवाने दिलीय ती कशाला?"

"पण दुरुस्त करून घ्या की."

"मुलगा येणार आहे ना करायला."

"हो? कधी?"

काकांनी मागे मान वळवली. गाडी मागे भिंतीकडे निघाली होती. त्यांनी ब्रेक दाबला.