दोन पानं मिटली तेव्हा

रोझलीनची सगळी नोकरी माणिकपूरच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवण्यात गेली. बारावीच्या मुलांना ती दरवर्षी प्रकाशविद्युत परिणाम शिकवायची. जस्तावर तांबड्या उजेडाचा कितीही भडिमार करा, ते ढिम्म हलत नाही. पण अतिनील प्रकाश मिणमिणता असला, तरी तो लगेच इलेक्ट्रॉन उडवतो. कारण प्रकाश सलग धारेसारखा येत नाही, सुट्या कणांनी येतो. एका इलेक्ट्रॉनला एकाच कणाचा धक्का पुरला तर पुरला, नाहीतर बाकीचे कितीही येऊन गेले तरी उपयोग नाही. हे ती फळ्यावर काढायची आणि मुलं उतरवून घ्यायची.

तिने स्वतः मात्र हे कधी पाहिलं नव्हतं. कॉलेजात एकदा करून बघितलं होतं, भर जुलैत. दिवा लावायच्या आधीच विजेचा भार निघून गेला आणि विद्युतदर्शीची, म्हणजे भार असला की फाकणारी, धातूची दोन पानं मिटली. दमट हवेत भार टिकतच नाही. मुलं हसली, तीही हसली. पुढे पोर्शन संपवायच्या घाईत ते राहून गेलं.

तिने लग्न केलं नाही. निवृत्तीनंतरची वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईचं करण्यात गेली. आई गेली आणि नंदाखाल गावातल्या घरात बोलायला कुणी उरलं नाही. भाऊ मार्क कॅनडात. रविवारी त्याचा फोन यायचा, दोघं तब्येतीचं बोलायची आणि मग दोघांनाही पुढे काही सुचायचं नाही. सकाळी चर्चमध्ये मिस्सा, मग केळीच्या वाडीत एक फेरी. दिवसभरात तिला स्वतःचा आवाज ऐकू यायचा तो फक्त संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेला.

जानेवारीत पाण्याचा फिल्टर बदलला, तेव्हा जुन्यातला जंतू मारायचा अतिनील दिवा तिने ठेवून घेतला. का, ते तेव्हा तिलाही सांगता आलं नसतं. दोन दिवस तो टेबलावर पडून होता. मग तिने लोणच्याच्या रिकाम्या बरणीत अ‍ॅल्युमिनियमच्या चंदेरी कागदाची दोन पानं टांगली, वर जस्ताचा तुकडा बसवला आणि पॉलिश पेपरने घासून लख्ख केला. प्लास्टिकच्या पाइपवर आईचा लोकरी मफलर घासून पाइप जस्ताला टेकवला. पानं फाकली.

डोंगराकडचा कोरडा वारा सुटला होता. पानं फाकलेलीच राहिली. तिने टेबललॅम्प अगदी जवळ आणला, काही झालं नाही. मग भोक पाडलेल्या डब्यात ठेवलेला तो अतिनील दिवा लावला.

पानं मिटली. सावकाश, पण सरळ मिटत गेली.

तिने पुन्हा भार दिला आणि दिवा व जस्ताच्या मध्ये अतिनील अडवणारी काच धरली. पानं हलली नाहीत. काच काढली, मिटली. “बघ!” ती मोठ्याने म्हणाली आणि मागे वळली. मागे जेवणाचं टेबल होतं आणि आईची रिकामी खुर्ची.

सांगायचं कुणाला? मार्क झोपलेला असणार. तिला शांताराम सरांची आठवण झाली. स्टाफरूममध्ये त्यांची टेबलं शेजारी होती. ते प्रकाशाच्या लाटा शिकवायचे, ही कण शिकवायची, आणि डबे उघडल्यावर रोज त्यावरून भांडण. आता ते फुलपाड्याला मुलाकडे असतात आणि अलीकडे त्यांना फारसं आठवत नाही, असं ती ऐकून होती. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बरणी, पाइप, मफलर, डबा, दिवा सगळं पिशवीत भरून ती रिक्षाने निघाली.

दार सुनेने उघडलं. “या ना टीचर. पण पप्पा ओळखतील असं नाही हं,” किंजल हळूच म्हणाली.

सर खिडकीपाशी बसले होते. उभा जन्म शुद्ध, इस्त्रीचं मराठी बोललेला माणूस आता लहानपणच्या खाडीकाठच्या बोलीत परत गेला होता.

“कोन हाय?”

“मी रोझलीन, सर.”

त्यांनी पिशवीतून डोकावणारा दिवा पाहिला आणि ते सुनेला म्हणाले, “अगं, पान्याच्या मशीनवाल्या बाई आल्यात.”

किंजल ओशाळली. रोझलीनने मान हलवून तिला राहू दे म्हटलं. खिडकीपाशी कोरडा वारा येत होता, तिथेच तिने बरणी मांडली, मफलर घासला, पानं फाकवली. सर पुढे वाकून पाहू लागले. तिने दिवा लावला. पानं मिटली.

“पाहिलंत, सर?”

सरांनी एकदा बरणीकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हातावर हात ठेवला. “बिघडलं काय? असू दे. व्हईल नीट. रडायचं न्हाय त्यात.”

आपण रडतोय हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. “होईल नीट,” ती म्हणाली.

त्यांनी किंजलला चहा करायला सांगितलं. चहा पिताना रोझलीनने किंजलला काच धरून बघितल्याचंही सांगितलं. पाहुणी कोण हे माहीत नसताना त्यांनी तिला दोनदा बिस्किटं घ्यायचा आग्रह केला.

किंजल रिक्षापर्यंत सोडायला आली. “टीचर, ती पानं का पडली पण? काच धरल्यावर नाही पडत म्हणालात ना?”

रोझलीन थांबली. “अगं, कसं आहे, उजेड असा धो धो येत नाही. तो येतो ना...” तिने बोटं चिमटीसारखी धरली. तेवढ्यात वरून सरांनी हाक मारली आणि किंजल “सॉरी हं टीचर, ते एकटेच आहेत” म्हणत जिना चढून गेली. चिमूट तशीच धरून रोझलीन रिक्षात बसली.

नंतरचे काही दिवस ती रोज दुपारी पानं फाकवायची आणि मिटताना बघायची. फेब्रुवारीत समुद्राकडचा दमट वारा सुरू झाला आणि पानं फाकेनाशी झाली.