हाफ सिकलचे मार्क

रामहरी सरांना गावात ‘काटा’ म्हणत. आमच्या भागात सहकारी साखर कारखाने आले तेव्हापासून हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी सारखा असतो. उसाची गाडी वजनकाट्यावर उभी राहिली की तो आकड्यावरची नजर हलवत नाही, आणि वजन कमी भरलं की ‘काटा मारला’ असं पुटपुटत तो घरी येतो. खरा काटा गावाला एकच माहीत होता, तो म्हणजे आमच्या हायस्कुलातले इंग्रजीचे रामहरी सर. संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याला त्यांनी दोन मार्कांनी नापास केलं होतं. अध्यक्ष विचारायला आले तेव्हा त्यांना चहा पाजला आणि पेपर पुढे ठेवला. स्वतःच्या मुलालाही त्यांनी असंच नापास करून पुन्हा आठवीत बसवलं. त्यानंतर बायको महिनाभर बोलली नाही, हे तेच सांगायचे, आणि सांगताना त्यांना अभिमान वाटतो की वाईट वाटतं, ते मला कधी कळलं नाही.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचे. मी भांडकुदळ आहे, हे आधीच सांगून ठेवते, आणि रामहरी सरांइतका भांडायला चांगला माणूस मला नोकरीत दुसरा मिळाला नाही. त्यांना एका जागी बसवत नसे. वर्गात बाकांमधून फेऱ्या, ऑफिसात दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या. पेपरसुद्धा उभ्यानंच तपासायचे, खिडकीत गठ्ठा ठेवून. “सर, बसा हो, खुर्चीला कुणी काटे लावलेले नाहीत,” असं मी म्हणायचे. ते दोन मिनिटं बसायचे आणि पुन्हा उठायचे.

ते सत्त्याऐंशी साल होतं. शाळेतला हापसा दिवाळीलाच कोरडा पडला होता आणि पाणी केजहून टँकरनं यायचं. आमच्या गावातली निम्मी माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. जी पोरं बरोबर जातात ती उन्हाळ्यात परत येतात, तोवर परीक्षा होऊन गेलेली असते. त्यामुळे त्यांना पास करायचं की नापास, हा प्रश्न शाळेला कधी पडतच नसे. हजेरीत त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिलं की काम झालं. त्या वर्षी मात्र कारखान्यांना ऊसच पुरला नाही. गाळप लवकर आटोपलं, टोळ्या शिमग्याच्या आधीच गावात आल्या, आणि ही पोरं ऐन परीक्षेच्या तोंडावर वर्गात येऊन बसली. दुष्काळानं पोरं शाळेत धाडली, असं मी म्हणाले, तर रामहरी सर माझ्यावर चिडले.

नववीत अशी दोघं होती, छबू आणि म्हाळू. छबूची आई श्रावणात वारली होती, म्हणून बाप, आश्रुबा, तिला भाकरी थापायला पहिल्यांदाच बरोबर घेऊन गेला होता. म्हाळू मात्र आईबापाबरोबर अधूनमधून जायचा, आणि जायचा ते वर्ष बुडायचं. त्याचा आवाज मी तरी हजेरीपलीकडे कधी ऐकला नव्हता. इंग्रजीच्या ऐंशी मार्कांच्या लेखी पेपरात दोघांनाही बावीस पडले. पास व्हायला पस्तीस लागत. म्हणजे तोंडी परीक्षेत दोघांनाही वीसपैकी तेरा हवे होते.

तोंडीला दोन शिक्षकांनी बसायचं असा आमच्याकडे नियम होता, म्हणून मी शेजारी होते. प्रश्न ठरलेले आणि उत्तरं पाठ केलेली. ‘व्हॉट इज युवर फादर?’ म्हणजे वडील काय करतात. याचं पुस्तकातलं उत्तर, ‘माय फादर इज अ फार्मर.’ सकाळपासून सगळा वर्ग तेच म्हणत होता. सिदू हा शिंप्याचा मुलगा, त्याच्या बापाकडे कुंडीत लावायलासुद्धा माती नाही. त्यानंही छाती काढून ‘अ फार्मर’ म्हणून टाकलं. रामहरी सर पूर्ण मार्क देत होते, कारण व्याकरणात चूक नव्हती.

मग छबू उभी राहिली. तिच्या गैरहजेरीतच हा धडा होऊन गेला होता. तिनं प्रश्न ऐकला, थोडा वेळ वर पाहिलं आणि म्हणाली, “माय फादर इज हाफ सिकल.”

वर्ग हसला. सिदू तर बाकावर डोकं ठेवून हसला.

ज्यांनी ऊसतोड पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळी बांधते. एकटा माणूस असला की तो अर्धा कोयता. कोयत्याला इंग्रजी शब्द छबूला ठाऊक नव्हता, पण पुस्तकात विळ्याच्या चित्राखाली ‘सिकल’ लिहिलेलं होतं, तेवढं तिनं जोडून घेतलं. बाप काय आहे असं विचारलं, तर बायको गेल्यापासून बाप जे आहे ते तिनं सांगितलं.

सरांनी विचारलं, “व्हॉट डू यू मीन?”

“मदर नो, सर,” छबू म्हणाली. “फादर हाफ. आय गो, फुल.”

म्हणजे पुढच्या हंगामात ती तोडीला गेली की बापाचा कोयता पूर्ण होईल. रामहरी सर खुर्चीवरून उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. छबूच्या मार्कांची जागा त्यांनी मोकळीच सोडली. तिच्यानंतर म्हाळू उभा राहिला, आणि तो उभाच राहिला. एकाही प्रश्नाला त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.

दुपारी ऑफिसात सरांच्या फेऱ्या सुरू झाल्या. मी म्हणाले, “तेरा देऊन टाका की. कुणाच्या बापाचं काय जातंय?”

“बाई, वाक्य चूक आहे. ‘अ’ नाही, अर्थ लागत नाही. नियमानं तीन मार्क होतात.”

“अर्थ तर तुम्हाला चांगलाच लागला. म्हणून तर खिडकीशी गेलात.”

“मला लागला. बोर्डाच्या परीक्षकाला लागणार आहे का? आज दया करून दहावीत ढकलली आणि तिथं आपटली, तर काय करायचं?”

“आज नापास केली तर आपटायला ती दहावीपर्यंत पोचणारच नाही.”

“आणि शिंप्याचं पोरगं?” ते थांबून म्हणाले. “खोटं बोललं, त्याला मी पूर्ण मार्क दिले. पंधरा वर्षं देतोय. मग काटा मारला कुणी, बाई?” मी वह्या आपटत उठले.

तेवढ्यात दारात आश्रुबा आला. आत यायला तयार होईना. चपला काढून उंबऱ्यापाशीच उभा राहिला.

“सर, पोरगी पास हाय का न्हाई, तेवढं सांगा,” तो म्हणाला. “मुकादम इचारतोय, औंदा एक कोयता धरू का अर्धा. पास झाली तर माझी म्हातारी माय तिला संभाळल, ती हितं राहून शिकंल. न्हाई झाली तर मग घरी बसून काय करायचं? संगं नेतो.”

“दोन दिवसांनी सांगतो,” सर म्हणाले.

“तुमी खोटं काय सांगणार न्हाई, ते म्हाईत हाय मला,” आश्रुबा म्हणाला आणि गेला. त्यानं हे मनापासून म्हटलं होतं, आणि रामहरी सरांना ते फार लागलं. बाहेर टँकर आला होता, घागरींचा गलका चालू होता, आणि हा माणूस मार्कांचा तक्ता हातात घेऊन व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होता. त्या दिवशी मला त्यांची चेष्टा करवली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गाची तोंडी पुन्हा घेतली. मुख्याध्यापक नाही म्हणाले, तरी घेतली. पोरांना सांगितलं, “आज पाठ केलेलं नको. खरं बोला. मोडकं बोला, पण खरं बोला.” सिदू उठला, घुटमळला आणि म्हणाला, “माय फादर इज क्लॉथ मशीन.” पुन्हा हशा झाला, पण या वेळी सरही हसले आणि मार्क दिले. मग पोरांची भीड चेपली. कुणाचा बाप ‘जीप’ झाला, कुणाचा ‘नो वर्क, ओन्ली टॉक’. मी आयुष्यात इंग्रजीचा इतका मजेचा तास पाहिला नव्हता.

छबू उठली. सरांनी तोच प्रश्न विचारला. हाफ सिकल ऐकायला ते इतके उत्सुक होते की पुढे वाकले होते.

“माय फादर इज अ फार्मर,” छबू म्हणाली. उच्चार स्वच्छ, ‘अ’ जागच्या जागी. आदल्या संध्याकाळी सिदूच्या बहिणीकडे बसून तिनं ते घोकलं होतं.

“छबू, खरं बोल म्हणालो ना मी?”

छबूनं मान वर केली नाही. “सर, मला पास व्हायचंय,” ती मराठीत म्हणाली.

रामहरी सरांनी पेन उघडलं आणि तिच्या नावापुढे तेरा लिहिले. मी हळूच विचारलं, “हे कुठल्या वाक्याचे?” ते म्हणाले, “कालच्या.” मग म्हाळूची पाळी आली. सर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, प्रश्न इंग्रजीत विचारला, मराठीत विचारला. म्हाळू बाकाची कड नखानं खरवडत राहिला. सरांनी वाट पाहिली, इतकी की पोरं चुळबुळ करायला लागली. शेवटी ते टेबलापाशी आले आणि त्याच्यापुढे शून्य लिहिलं.

त्यावरून संध्याकाळी आमचं शेवटचं भांडण झालं. छबूला दिले तर म्हाळूला का नाही, असं मी विचारलं. “न बोललेल्या वाक्याला मार्क कसे देऊ?” ते म्हणाले. “आणि दिले, तर मग छबूचे ते मार्क राहतात का? ती भीक होते.” त्यांचं म्हणणं मला पटलं, आणि पटलं याचाच मला जास्त राग आला. मे महिनाभर ते भेटतील तिथं हेच बोलत. बाजारात भाजी घेताना मधेच थांबून म्हणायचे, “पण बाई, तो बोलला असता तर?”

दिवाळी झाली. टोळ्या निघायचा दिवस आला. सकाळी शाळेसमोरच्या रस्त्यावर ट्रॅक्टर उभा होता, ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, माणसं. दहावीतली छबू फाटकापाशी उभी राहून बापाला हात करत होती. रामहरी सर आणि मी मागे होतो. सरांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी मोकळा दिसत होता.

“मग आश्रुबा, अर्धाच कोयता का?” मी विचारलं.

“न्हाई बाई, पुरा झाला,” आश्रुबा वरून म्हणाला. “ह्यो म्हाळू घेतला संगं. त्याच्या मायबापाचा कोयता पुराच हाय, ह्यो नापास झाल्यापास्नं घरी बसला व्हता. मी अर्धा, त्यो अर्धा.”

आश्रुबाच्या मागून म्हाळू दिसला. त्यानं सरांना पाहिलं आणि वर्गात उभं राहायचा तसा ट्रॉलीत उभा राहिला. ट्रॅक्टर चालू झाला. त्या आवाजातही ऐकू जावं म्हणून म्हाळू ओरडूनच बोलला.

“सर, आय ॲम हाफ सिकल.”

“व्हेरी गुड,” रामहरी सरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि त्यांनी टोपणही काढलं. मग ते तिथंच, शाळेच्या पायरीवर खाली बसले. घंटा झाली, पोरं आत गेली, मी दोनदा हाक मारली. त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत ते तिथून उठले नाहीत.