रावजीने पाहिलेले चार सिनेमे

शिमग्याला रावजी मुंबईहून आला, तेव्हा येसूबाईने गाय शेजारच्या आवडीकडे ठेवायचं बोलून ठेवलं होतं. सासू गेल्या श्रावणात वारली. पोलादपूरच्या वरच्या त्या वाडीत येसूबाई बारा वर्षं एकाच कारणाने राहिली होती: म्हातारीला बघायला दुसरं कोणी नव्हतं. मूल झालंच नव्हतं. आता म्हातारीही नव्हती. रावजीने फक्त ‘चल’ म्हणायचं होतं.

तो म्हणाला नाही. पहिल्या दिवशी झोपला. दुसऱ्या दिवशी पालखी नाचवली. तिसऱ्या दिवसापासून दुपारची जेवणं झाली की मांडवाखाली बसून वाडीला सिनेमे सांगू लागला. गिरणीतून सुटून आलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं दुसरं काय असतं?

“त्यातली माणसं बोलतात?” भागोजीने विचारलं. भागोजी रावजीचा चुलता.

“नाय आबा. तोंड हलतं नुसतं. मंग मधीच काळी पाटी येते, काय बोलला ते तिच्यावर लिवलेलं असतं.” रावजीने विडी पेटवली. “पयला बघितला तो देवाचा. बरा हाय. लोक नारळ फोडतात. पण देवाचं पोट सुटलंय. पर्वत उचलतो नि त्याला धाप लागते.”

“देवाला नावं ठेवू नको रे.”

“देवाला नाय, देव झालाय त्याला. दुसरा सायबाचा. सायेब हौदात पडतो, त्याला काढायला दुसरा सायेब जातो, तो पडतो, मंग पोलीस पडतो. हसून हसून पोट दुखतं. गोष्ट काय नाय.”

“पडलेला माणूस बघायला मुंबयला कशाला जायला हवं?” आवडी म्हणाली. “आमचे हे रोज पडतात. आणि फुकट.”

मांडव हसला. आवडीचा नवराही हसला. येसूबाई ओटीवर सुपात तांदूळ निवडत होती. तीही थोडी हसली.

“तिसरा राजाराणीचा. घोडा झकास. राजा म्हंजे लाकूड. राणी वनवासात पीठ मळते नि रडते, आणि डोळे पुसते ते बोटांनी. पीठ लागलेल्या हाताचं बोट कोण डोळ्याला लावंल? बाई मनगटानं पुसते. त्या राणीनं जन्मात पीठ मळलेलं नाय.”

“खरं हाय गो,” बायका म्हणाल्या. “भावजींची नजर बारीक,” आवडी म्हणाली.

येसूबाईचा हात सुपात थांबला. एकदा तव्याने तिचा तळवा भाजला होता. तो फोड रावजीला चौथ्या दिवशी दिसला होता, आणि तोही भाकरी जाड झाली म्हणून.

“चवथा घरातला,” रावजी सांगत होता. “नवरा शहरात, बायको गावात. अठरा वर्षं वाट बघते. शेवटी तो येतो, आंधळा होऊन. ती त्याचे पाय धुते. सगळे रडले. मला नाय पटलं. बाई मूर्ख हाय. तिला वाटतं तो आला. तो येत नाय. तो आधी संपतो, मंग येतो.”

कोणी हसलं नाही. भागोजी उगाच म्हणाला की यंदा आंब्याला मोहर कमी आहे. आपण काय बोललो ते रावजीला कळलं नव्हतं. पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा तो म्हणाला होता.

रजा संपली. त्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन येसूबाई दरवर्षीप्रमाणे पोलादपूरपर्यंत निघाली. तिथून मोटार महाडला जाई, आणि पुढे दासगावला बोट मिळे. उतार अर्धा झाल्यावर ती म्हणाली, “एक इचारू?”

“इचार.”

“तुमाला अक्षर येत नाय. मंग पाटी कोण वाचतं?”

“अख्खं थेटर वाचतं मोठ्यानं.”

“आणि पीठ मळणारीचं? ते पण अख्ख्या थेटरानं सांगितलं?”



“चंद्राबाई,” तो म्हणाला. “खानावळ हाय तिची. बाप मास्तर होता. मी जेवतो तिथं.”

“किती वर्षं जेवता?”

“सात.”

आपल्याला राग येईल म्हणून येसूबाई वाट पाहत राहिली. राग आला नाही. पायाखालचे दगड तेच होते, गुडघे तेवढे जुने झाले होते.

“मी हाय ते तिला ठावं हाय?”

“हाय.”

“वाट बघणारी मूर्ख, ते तीच बोलली ना?”

“सिनेमातल्या बाईला बोलली गो.”

“कळलं मला, कोणाला ते.”

“तिला पण बरं नाय वाटलं,” रावजी म्हणाला. “थेटरातून घरी येईस्तोवर बोलली नाय. मंग म्हणाली, या खेपेला जाशील तर काय ते बायकोला सांगून ये.”

“मंग का नाय सांगितलं?”

“सिनेमे सांगत बसलो.”

तो खरं बोलत होता. इतकं खरं तो बारा वर्षांत बोलला नव्हता, आणि आता त्याचा उपयोग नव्हता.

पोलादपूरला मोटार उभी होती. रावजीने गाठोडं आत टाकलं, एक पाय पायरीवर ठेवला आणि खाली बघत म्हणाला, “येत असशील तर चल, बघतो खोली. काढू कायतरी वाट.”

एवढ्यासाठीच तर ती थांबली होती. शब्द जवळजवळ तेच आले होते.

“नको,” ती म्हणाली. “घर नि शेत माझ्याकडं राहू दे. मी कसते. आबांना मी सांगते काय ते.”

“लोक काय म्हणतील?”

“तुमी मुंबयला असणार. तुमाला कुठं ऐकू येणार हाय?”

मोटार सुटली. धूळ खाली बसेपर्यंत ती उभी राहिली, मग परतली. चढणीच्या मध्यावर आवडी भेटली, डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन. मोळी खाली ठेवून दोघी एका दगडाशी टेकल्या.

“काय गो, कधी जायचं मुंबयला?”

“नाय जायचं.”

आवडीने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

“राब रचायचा हाय,” येसूबाई म्हणाली. भाताची रोपं करायचा तुकडा पावसाआधी पालापाचोळा घालून भाजावा लागतो, आणि तिचा पाला वाळून नुसता पडून होता. “पण भाजायला एकटीच्यानं होणार नाय. आग बांधावरून पलीकडं गेली तर?”

“मी येते की. दोन्ही राब एका दिवशी भाजू. आधी तुझा.”

“आधी तुझा. तुझा वरच्या अंगाला हाय, आग वर चढते.”

“बरं, आधी माझा.”

आवडी मोळी उचलायला वाकली. येसूबाईने दुसऱ्या बाजूने हात लावला, आणि दोघी वर निघाल्या.