थोरल्या काकांची अक्षत

हळदकुंकू लावलेल्या तांदळाचा वास आला की मला दिवेआगरची ती दुपार आठवते. ताईच्या लग्नाची अक्षत द्यायला वडील थोरल्या काकांकडे निघाले, सोबत मी. वाडीच्या बांधावरून दोघा भावांचा अबोला होता. पण सख्खा काका मांडवात नसला तर व्याही काय म्हणतील, ही वडिलांना धास्ती. काका खळ्यात सुपारी सोलत होते. वडिलांनी अक्षत पुढे धरली. "हात रिकामे न्हायत माझे," काका मान वर न करता म्हणाले. त्यांनी अक्षत घेतल्याशिवाय बसायचं कसं? वडील उन्हात तसेच उभे राहिले. शेवटी काकू बाहेर आल्या आणि पदर पसरून म्हणाल्या, "द्या भावोजी. दारची अक्षत कुणी परतवतं होय?" सोललेली सुपारी बाजूला टाकत काकांनी विचारलं, "मांडवाला माडाची झापं कुठची?" "अजून ठरलं न्हाय, दादा." "माझ्या वाडीतली ने." वडील मटकन ओट्यावर बसले, आनंद झाला असावा, पण चेहऱ्यावर नुसता थकवा दिसला. यंदा धाकटीचं लग्न आहे. वडिलांना आता चालवत नाही, म्हणून काकांकडे अक्षत न्यायला कॉलेजातून मला बोलावून घेतलं आहे. काकांनी पुन्हा अबोला धरला आहे.